कड्यावरचं झाड आणि मामाचा मुतखडा

“माती आहे का?” कडेबाबांनी वर बोट दाखवून विचारलं.

“नाही!” गर्दी ओरडली.

“पाणी आहे का?”

“नाही!”

“तरी हिरवंगार! मग हे झाड खातं काय?”

“दगड!”

“आणि जे कडा फोडतं, ते खडा सोडेल?”

यावर टाळ्या. चुनाभट्ट्यांच्या मागे चुनखडीचा उभा कडा आहे. त्याच्या पायथ्याशी आठवडाभर रोज सकाळी हाच पाठ चालला होता. मुतखडा झालेली माणसं रिकाम्या बाटल्या घेऊन रांगेत उभी राहायची आणि पानांच्या काढ्यानं भरून न्यायची. वाटप सुरू होण्याआधी बाबा धुपाच्या दाट धुरात हिरव्या रसाचा एक वाडगा उचलत. दुसऱ्या हाताच्या चिमटीत हरभऱ्याएवढा खडा असे. “काल एका ताईंच्या पोटातून पडला,” असं म्हणून ते तो वाडग्यात टाकत. रस फसफसे, पांढरा फेस वर येई आणि लोक हात जोडत.

“सोडावॉटरच झालं की हो!” माझ्या पुढचा ट्रकवाला म्हणाला. तीन-चार जणांनी त्याला गप्प केलं.

 वनस्पतिशास्त्राची पदवी घेतल्यापासून मी या कड्यावरच्या झाडांचा अभ्यास करते. दोरीला लटकून काम करते म्हणून सगळे मला दोरीवाली म्हणतात. बाबांचं हे झाड माझ्या चांगल्या ओळखीचं. बुंधा मनगटाएवढा, त्यामुळे लोकांना ते रोपटं वाटतं. “बाबांचे पाय लागले आणि उगवलं,” असंही एकानं मला सांगितलं. त्याच्या वाळून पडलेल्या, अंगठ्याएवढ्या फांदीचा काप मी भिंगाखाली धरला होता. वर्तुळं इतकी दाट, की मोजता मोजता डोळ्यांना पाणी आलं. आमच्या भट्ट्या नव्हत्या, तेव्हापासून ते झाड तिथं आहे.

ते दगड खात नाही. कड्याला भेगा आहेत. पाऊस त्यांत मुरतो आणि उन्हाळ्यातही आत ओल राहते. वाऱ्यानं आलेली धूळ, कुजलेली पानं, पाखरांची विष्ठा साठून मूठभर माती होते. मुळं त्या वाटेनं आत जातात. मुळांतून सौम्य आम्ल पाझरतं आणि चुनखडी झिजते हे खरं, पण माणसाच्या जन्मभरात केसभर. खायला कमी म्हणून झाड खुजं, आणि तिथवर कुऱ्हाड, वणवा, शेळी यांतलं काहीच पोचत नाही म्हणून म्हातारं. आता बाबांच्या शिष्यांची आकडी पोचली होती. खालच्या सगळ्या फांद्या मोडून बोडक्या झाल्या होत्या.

एवढ्यावरच माझं डोकं फिरलं असतं. पण त्या रांगेत बाटली घेऊन माझा मामा उभा होता.

मामा भट्टीवर मुकादम आहे. आलेल्या प्रत्येक गाडीतल्या दगडावर ॲसिडचा थेंब टाकायचा. जोरात फसफसला तर अस्सल चुनखडी, म्हणजे “पास”, नाहीतर गाडी परत. उभा जन्म यात गेलेला माणूस! त्याचा मुतखडा मूत्रनळीत अडकला होता, अंगात ताप होता. या आठवड्यात काढला नाही तर किडनी जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मामाला वाघाची भीती वाटणार नाही, पण सुरीची वाटते.

त्या दुपारी मी त्याच्या बाटलीतला काढा बशीत ओतला आणि त्यात कड्याखालचा एक खडा टाकला. एकही बुडबुडा आला नाही.

“बघ मामा. काही होत नाही.”

“घरी कसं होईल? बाबांचा हात लागायला हवा.”

“मग रोज घरी आणून पितोस कशाला?”

“तू लहान आहेस. तुला नाही कळायचं.”

“लहान असले तरी भिंग मोठं आहे माझ्याकडे.”

“भिंगातून श्रद्धा दिसत नाही, पोरी,” म्हणून तो कुशीवर वळला. वळताना कळ आली आणि त्यानं उशी दातांत धरली.

मामी स्वयंपाकघरात आमच्या चुनखडीच्या पाण्यानं केटलीत साचलेला पांढरा थर काढत होती. तिनं व्हिनेगर ओतलं. केटली फसफसली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“अगं बाई,” मामी म्हणाली, “माझी केटलीसुद्धा बाबाच की!”

दुसऱ्या दिवशी मी व्हिनेगरची बाटली घेतली आणि वाटेत न्हाव्याला उचललं. त्याचा मुतखडा ऑपरेशननं काढलेला. तो काचेच्या डबीत घालून दुकानात आरशाखाली ठेवलाय. दाढीला आलेला माणूस तो बघितल्याशिवाय सुटत नाही.

बाबांचा पाठ संपला, खडा फसफसला. “कोणाला शंका?” त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं.

“मला,” मी म्हणाले. “हा न्हावीदादांच्या पोटातला खरा खडा. हाही विरघळवा.”

न्हाव्यानं डबी छातीशी धरली. “परत मिळेल ना?”

“विरघळला तर नाही,” ट्रकवाला म्हणाला.

खडा वाडग्यात गेला. सगळे वाकून बघत राहिले. रस ढिम्म.

“कापून काढलेला खडा!” बाबा गरजले. “सुरी लागली की झाडाचा कोप होतो!”

“बरं. आता हा पायाखालचा.” मी एक खडा उचलून त्याच वाडग्यात टाकला. फसफस. लोकांनी पुन्हा हात जोडले. मला रडू यायचं बाकी होतं. मग रुग्णांना वाटायच्या हंड्यातला काढा मी एका पेल्यात घेतला, खडा टाकला, काही नाही. दुसऱ्या पेल्यात मामीचं व्हिनेगर, पुन्हा फेस.

“प्यायचा रस वेगळा, दाखवायचा वेगळा,” मी म्हणाले. “वाडग्यात पानांचा रंग आहे आणि व्हिनेगर आहे. वास कळू नये म्हणून एवढा धूप जाळतात. जवळ या, हुंगा!”

कोणी हललं नाही. शेवटी मी पेला मामापुढे धरला.

“मामा, हा दगड गाडीतून आला असता तर काय म्हणाला असतास?”

मामानं फेसाकडे पाहिलं. वर्षानुवर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं: “पास.”

 मग एक भट्टीकामगार फिस्सकन हसला आणि बाकीच्यांनाही आवरेना. रोज ज्या फेसावर त्यांची चूल पेटते, त्याच फेसाला ते आठवडाभर हात जोडत होते! मामा हसला नाही. तो वाडग्यापाशी गेला आणि “ताईंच्या पोटातल्या” खड्याचा उरलेला तुकडा काढून त्यानं बोटांत फिरवला.

“आपल्याच खाणीतला माल,” तो हळूच म्हणाला. मग मला म्हणाला, “चल, दवाखान्यात जाऊ.”

ऑपरेशन त्याच दिवशी झालं. मामा वाचला, पण ती किडनी आता निम्मंच काम करते. “आठवडाभर आधी आणायचं ना,” डॉक्टर म्हणाले.  आणि झाडाच्या मोडलेल्या फांद्या पुन्हा तेवढ्या वाढलेल्या बघायला आमच्यातलं कोणी नसेल.

बाबा संध्याकाळीच पसार झाले. आता गावात सुधारणा झाली असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. परवा न्हाव्याच्या दुकानात गेले, तर डबीपुढे फूल!

“हे काय?”

“लोक ठेवतात,” न्हावी ओशाळून म्हणाला. “बाबालाही पुरून उरलेला खडा म्हणतात. हात लावला की पोटाला आराम पडतो म्हणे.”

मी फूल उचलून केराच्या टोपलीत टाकलं. उद्या दुसरं येईल, तेही टाकीन. बाबा येतात आणि जातात. गाडीतल्या दगडावर टाकायचा थेंब बाबाच्या शब्दावर टाकायचा, हे मात्र आपण विसरतो. तपासायला आपल्याला येतं, पोट त्यावरच चालतं. मग ती हत्यारं भट्टीवर ठेवून रिकाम्या हातानं रांगेत उभं राहू नका. आणि दुखायला लागलं, तर आधी डॉक्टरकडे जा.

मामा कामावर परतलाय. परवा एक गाडी त्यानं परत पाठवली. दगड फसफसला नाही.