डिझेलमधलं पाणी

मी एक जुना डिझेल पंप आहे. मित्रांनो, रस्त्याकडेला उभा असतो तो नव्हे. मी पिकअप गाडीच्या इंजिनाला घट्ट आवळून बसवलेला, जेमतेम दोन मुठींएवढा. टाकीतलं डिझेल दाबून इंजिनाकडे धाडायचं, हे माझं काम. मला वेगळं वंगण लागत नाही. डिझेल हेच माझं वंगण, म्हणून ते स्वच्छ हवं. माझ्या अलीकडे फिल्टर असतो. तो कचरा अडवतो, पाणी तळाशी साठवतो आणि चांगलं तेवढं मला देतो.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा आतून मी आरशासारखा लखलखीत होतो. गेली आठ वर्षं आमची गाडी शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवरचं दूध वारणानगरला नेते. आधी पिराजी चालवायचे. "पंप हाय का वाघ!" म्हणत बॉनेट थोपटायचे. त्यांचे गुडघे धरले, तशी त्यांची सून संयोगिता गाडी चालवू लागली. पिराजी शेजारी बसून सल्ले देत.

पेट्रोल पंप लांब, म्हणून पिराजी ड्रममध्ये डिझेल भरून ठेवत. फिल्टर बदलायचं मात्र राहून गेलं. "बघू की पुढच्या खेपंला," म्हणता म्हणता दोन पावसाळे गेले. बिचारा फिल्टर काळाठिक्कर पडला. पाणी माझ्यापर्यंत पोचू लागलं. मी आतून खरवडलो जात होतो. सांगणार कुणाला?

एका सकाळी चढावर गाडी गचके देऊ लागली. स्टिअरिंगसमोरचा इशाऱ्याचा दिवा पेटला. संयोगितानं गाडी कडेला घेऊन बंद केली.

"आगं, थांबलीस कशाला? दूध नासंल. रेट की तशीच!" पिराजी ओरडले.

"मामा, डिझेलात पाणी आलंय, त्येचा दिवा हाय ह्यो. पंप गेला तर आजचंच न्हाय, लई दिसांचं दूध घरात ऱ्हाईल."

"मेकॅनिक येईस्तवर ऊन चढंल."

"मीच काढते पाणी. निसारभाई मेकॅनिकला काढताना बघितलंय. केलं न्हाय कधी, पर करते."

तिनं फिल्टरखालचा नळ सैल केला आणि बाटली धरली. गढूळ पाणी आलं, मग डिझेलची स्वच्छ धार लागली. तिनं नळ आवळला, फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबून आतली हवा काढली आणि चावी फिरवली. मी सगळा जीव एकवटला. इंजिन एकदा खोकलं आणि सुरू झालं. दिवा विझला!

पिराजी बाटलीकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "पोरी, ह्ये माझ्या ड्रमातलं पाणी. झाकण मोडल्यालं ठावं हुतं मला. बोललो न्हाय."

संयोगितानं बाटलीला बूच लावलं. "आता बोलला न्हवं? चला, आदी दूध पोचवू."

वाटेत आणखी एकदा पाणी काढावं लागलं, पण दूध वेळेत पोचलं. परतताना मेकॅनिक निसारभाईंनी टाकी धुतली, नवा फिल्टर बसवला आणि मला खोलून पाहिलं.

"ओरखडे हायत," ते म्हणाले, "पर चालंल अजून. तशीच रेटली असती तर भंगारातच गेला असता."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नाही. गचका द्यायचा, दिवा लावायचा, एवढंच आमच्या हाती. तेव्हा दोन मिनिटं थांबा आणि काय होतंय ते बघा. माझे ओरखडे आता जाणार नाहीत. पण फिल्टर नवा आहे, डिझेल नितळ येतंय, आणि उद्या सकाळचा चढ मी न दमता चढणार आहे.