चैत्रालीचा पाय लचकलाच नव्हता

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा, आणि माझा स्वभाव कडू आहे. तुमच्या वहीतल्या निबंधांत छत्री, खुर्ची, फुटके घड्याळ असे सगळेच आपापल्या मालकाचे गोडवे गातात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मला माझ्या मालकाचा राग आहे, आणि तो का आहे हे सांगण्यासाठीच मी तोंड उघडले आहे. तसेही माझे तोंड पुढून उसवलेलेच आहे.

जन्मलो तेव्हा मी असा नव्हतो. कारखान्यात एका बाईने माझ्या तळाला गोंद लावला, दुसरीने मला साच्यावर चढवून ठोकून ठोकून आकार दिला. खडक आणि मुरूम घट्ट पकडता यावा म्हणून माझ्या तळाला रबरी दात बसवले. आम्ही डोंगरात धावण्याचे बूट; गुळगुळीत फरशीवर चालायची आम्हाला लाज वाटते. मी आणि माझा डावा भाऊ पातळ कागद पांघरून खोक्यात पडलो होतो, तेव्हा कोणता डोंगर नशिबी येतो याचाच मी विचार करत असे.

नशिबी सिंगापूर आले. इथला सगळ्यात उंच डोंगर बुकित तिमा, आणि तोही पावणेदोनशे मीटर भरत नाही. वर जायला डांबरी रस्ता आहे आणि सोबतीला माकडे आहेत. मी कपाळाला हात लावला असता, पण बुटाला दोन्ही नाहीत.

माझ्या मालकाचे नाव निशिकांत. मूळचा पुण्याचा. पाया लेबार भागातल्या एका कचेरीत तो सॉफ्टवेअर टीमचा मॅनेजर आहे आणि बायको अनघासह बेडोकला नवव्या मजल्यावर राहतो. सिंगापुरातल्या बहुतेक बुटांप्रमाणे आमचा मुक्काम दाराबाहेरच्या रॅकवर. दार दिवसभर उघडे असते, फक्त लोखंडी जाळी ओढलेली. त्यामुळे घरातले सगळे बोलणे आम्हाला ऐकू येते. माणसांच्या हे लक्षातच येत नाही.

निशिकांतच्या डोक्यात एक शर्यत भरली होती. ओमानच्या डोंगरांत, वाळवंटातल्या कोरड्या घळींमधून पन्नास किलोमीटर धावायचे. त्यात जोडीचा एक गट होता. दोघांनी सोबत धावायचे, सोबत पोचायचे. एकाने सोडली की दुसऱ्याचीही शर्यत संपली. त्याने जोडीला आपली धाकटी बहीण घेतली. चैत्राली तिचे नाव. विद्यापीठात संशोधन करायची आणि क्लेमेंटीला एक खोली भाड्याने घेऊन राहायची. मार्चमध्ये तिचे इथले काम संपणार होते आणि ती नॉर्वेला जाणार होती. लहानपणी दादा सायकल चालवायचा आणि ती मागे कॅरियरवर बसायची. एकदा तरी त्याच्या बरोबरीने, स्वतःच्या पायांनी कुठेतरी पोचायचे, एवढेच तिला जाण्याआधी हवे होते. हे तिने वहिनीला सांगितले तेव्हा मी रॅकवर होतो.

आता डोंगर नाही तर सराव कुठे करणार? इथली माणसे इमारतींचे जिने चढतात. दर शनिवारी चैत्राली एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, यायची, आणि मग दोघे भाऊबहीण शेजारच्या उंच इमारतीचे बावीस मजले चढायचे. वर पोचले की लिफ्टने खाली यायचे, आणि पुन्हा चढायचे. असे बारा वेळा.

मित्रांनो, नीट वाचा. बावीस मजले चढायचे, आणि लिफ्टने खाली यायचे.

चैत्रालीला ते पहिल्याच आठवड्यात खटकले. ती म्हणाली, "दादा, उतरायची पण प्रॅक्टिस हवी रे. तिकडे आधी घळीत उतरायचंय."

"उतरणं कसली प्रॅक्टिस? ते आपोआप होतं," निशिकांत म्हणाला. "गुडघे वाचव. लिफ्ट कशाला दिलीये सरकारने?"

लिफ्टमध्ये बाजारची ट्रॉली घेतलेल्या एक चिनी आजी होत्या. त्या घामाने निथळणाऱ्या या दोघांकडे बघून म्हणाल्या, "पार्क सो बिग, व्हाय रन हिअर लाह?" निशिकांतने त्यांना ओमानची शर्यत, तिथली चढण, आपला अनुभव, सगळे सातव्या मजल्यापर्यंत ऐकवले. आजी उतरून गेल्या तरी तो बोलतच होता.

चैत्रालीने वाद घातला नाही. ती क्लेमेंटीला आपल्या इमारतीत रोज सकाळी पायांनी उतरू लागली. हे मला तिच्या बुटांनी सांगितले. शनिवारी ते माझ्या शेजारी असायचे. मोजकेच बोलणारे, पण खरे बोलणारे.

जानेवारीत आम्ही ओमानला गेलो. पहाटे पठाराच्या कडेला उभे राहिलो, आणि मित्रांनो, त्या क्षणी मी सगळ्या तक्रारी विसरलो. समोर तांबडा-पिवळा खडक खोल खोल उतरत गेला होता. तळाशी कोरड्या नदीची पांढरी रेघ दिसत होती. हवेत ओलावा नव्हता, झाड नव्हते, डांबर नव्हते. माझ्या तळाचा एकेक दात शिवशिवत होता. यासाठीच तर माझा जन्म होता.

पहिला अर्धा तास निशिकांत अगदी झोकात धावला. मागून येणाऱ्यांना वाट दिली नाही, चैत्रालीला दोनदा "चल, आवर" म्हणाला. उतार संपायला मात्र अजून दीड तास होता. उतारावर माणसाचे सगळे वजन मांड्यांनी आवरून धरायचे असते. त्याच्या मांड्या चढायला शिकल्या होत्या. आवरून धरायला त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. आधी त्या थरथरल्या, मग पार ढिल्या पडल्या. त्याचे वजन आवरेना, आणि पाय दर पावलाला माझ्या आत पुढे घसरून टोकावर आपटू लागला. मी जीव खाऊन खडक धरत होतो. माझे माप बरोबर होते, माझे दात शाबूत होते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे काय काय बोलले गेले ते तुम्ही ऐकणार आहात. थोड्याच वेळात माझ्या आत ओले झाले. ते रक्त होते, अंगठ्याच्या नखाखालचे.

चैत्राली पुढे गेली होती ती परत वर चढून आली. तिने त्याची पाण्याची बाटली घेतली आणि हात पुढे केला.

"दादा, आडवा उतर. माझ्या खांद्यावर हात ठेव."

"मला शिकवू नकोस," तो खेकसला. पण हात ठेवला.

असे ते दोघे तळाच्या तपासणी नाक्यावर पोचले. वेळ अजून शिल्लक होता. चैत्राली ताजीतवानी होती. समोरची चढण तिला खुणावत होती. ती सारखी वर बघत होती हे मी पाहिले. निशिकांत मात्र खुर्चीत बसला तो त्याला उठता येईना. नाक्यावरचा स्वयंसेवक कागद घेऊन आला आणि कोण सोडतेय, कशामुळे, असे विचारू लागला.

निशिकांत हळूच मराठीत म्हणाला, "चैतू, तू सांग ना, तुझा पाय लचकला म्हणून."

बाटलीचे झाकण लावता लावता तिने वळून त्याच्याकडे पाहिले.

"अगं, तुला कोण ओळखतं? माझी सगळी टीम ऑनलाइन बघतेय. सोमवारी मी तोंड कसं दाखवू?"

मला वाटले, ती नाही म्हणेल. म्हणायलाच हवे होते. तिने एकदा त्या चढणीकडे पाहिले आणि स्वयंसेवकाला म्हणाली, "इट्स माय अँकल." मग आपल्या घोट्याकडे बोट दाखवून त्या कागदावर सही केली. दादाच्या बरोबरीने पोचायची तिची इच्छा तिथेच संपली.

आता तुम्हाला वाटेल, परत आल्यावर माझ्या मालकाला लाज वाटली असेल. छे! त्याने मला धुतले नाही, ते आळसाने नाही, तर माझ्यावरची धूळ लोकांना दाखवायची होती म्हणून. घरी कोणी आले की तो मला रॅकवरून उचलून आत न्यायचा. "ही बघा ओमानची माती." उसवलेल्या टोकाबद्दल कोणी विचारलेच तर सांगायचा, "बूट तकलादू निघाले. पण मी एकदम फ्रेश होतो हं. चैत्रालीला झेपलं नाही, काय करणार? तिच्यासाठी सोडावी लागली." लोक हळहळायचे. बहिणीसाठी शर्यत सोडली म्हणून त्याचे कौतुक करायचे. आयुष्यात माझ्याकडे एवढे कोणी कधी पाहिले नव्हते, आणि प्रत्येक वेळी माझ्या तळपायाची आग होत होती. जिने उतरताना तो आठवडाभर कठडा धरत होता. अनघाने विचारले तर म्हणाला, "जरा स्टिफनेस आहे."

बोलणे फिरत फिरत चैत्रालीपर्यंत गेलेच. मराठी मंडळींपैकी कोणीतरी तिला घोट्याचे व्यायाम लिहून पाठवले. ती शनिवारी यायची बंद झाली. माझ्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

मार्च उजाडला. तिच्या निरोपाचे जेवण बेडोकला ठरले. सकाळी निशिकांत मला घालून समुद्राकाठी धावून आला, घाईघाईत माझ्यावरच मोजे ओढून काढून आत गेला. संध्याकाळी पाहुणे यायचे म्हणून दुपारी अनघा रॅक झाडायला बाहेर आली. तिने मला उलटा करून जमिनीवर आपटले. माझ्यातून थोडी माती पडली, आणि तिच्यासोबत अंगठ्याचे अख्खे नख. काळे पडलेले. तिने मला उजेडात धरून आत पाहिले. पुढे सगळे तपकिरी डाग होते.

ती आत गेली तेव्हा मी तिच्या हातात होतो.

"निशिकांत, हे काय आहे?"

"जुनं असेल."

"जुनं नाही. हे उतारावर होतं, तूच मला व्हिडिओ दाखवला होतास. पाय लचकला तिचा आणि नख गळलं तुझं?"

तो लॅपटॉपमधून डोके काढेना. अनघा शांतपणे म्हणाली, "ती उद्या जातेय. आज सगळे असतील. तूच सांग. मी सांगितलं तर बरं दिसणार नाही."

तिने मला परत रॅकवर ठेवले. मित्रांनो, मी खोटे सांगणार नाही, त्या दिवशी मला आशा वाटली होती.

संध्याकाळी पाहुणे आले. चैत्राली आली, पायांत साध्या सँडल. अळूची भाजी, मसालेभात, हॉकर सेंटरच्या खाऊ-ठेल्यांवरून आणलेले रोटी पराठे, सगळे वास जाळीतून बाहेर येत होते. जेवणे झाली आणि निशिकांतचा मित्र शिरीष हसत म्हणाला, "चैत्राली, पाय बरा झाला का गं? निशिकांत, पुढच्या वेळी जोडीदार जरा दणकट घे बाबा!"

सगळे हसले. अनघा त्याच्याकडे बघत असणार. चैत्रालीही बघत असणार. मी श्वास रोखून ऐकत होतो.

"हो ना," निशिकांत म्हणाला. "पुढच्या वेळी बघू."

बस, एवढेच.

थोड्या वेळाने चैत्राली निघाली. वहिनीच्या गळ्यात पडून रडली. पाहुणे आतच होते. निशिकांत तिला सोडायला जाळीबाहेर आला, अनवाणी.

"दादा," ती हळू आवाजात म्हणाली, "तिकडे मी खोटं बोलले ते तुझ्यासाठी. तू इथे तेच बोलतोस, ते कोणासाठी?"

"आता सगळ्यांसमोर तमाशा करायचाय का तुला?"

"नाही रे. मला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. एकदाच."

"तुला थांबायला कोणी सांगितलं होतं? जायचं होतंस पुढे."

"नियम माहिती आहे तुला," ती म्हणाली. "आणि नियम नसता, तरी थांबले असते."

त्यांच्या घरात लांबच्या प्रवासाला निघताना मोठ्यांना वाकून नमस्कार करायची पद्धत आहे. आजवर ती एकदाही चुकली नव्हती. निशिकांत सवयीने पाय जुळवून उभा राहिला. चैत्राली वाकली. तिच्या तोंडासमोर त्याचा उजवा अंगठा होता, बिननखाचा, गुलाबी कातडीचा. तिने तो पाहिला. मग स्वतःच्या सँडलचा पट्टा लावला, सरळ झाली आणि चालू लागली.

तो तसाच उभा होता, पाय जुळवून.

दोन महिने झाले. तिचा फोन अनघाला येतो. निशिकांत जवळपास असला की अनघा बोलत बोलत आतल्या खोलीत जाते. परवा त्याने आम्हा दोघांच्या नाड्या एकमेकांत बांधल्या आणि एका मैदानाजवळच्या जुन्या बुटांच्या पेटीत टाकून दिले. टाकताना म्हणाला, "बूटच खराब होते." तेव्हा आसपास ऐकायला कोणी नव्हते.

इथे आमचा चुरा करून धावपट्टी बनवतात म्हणे. म्हणजे उद्या तुम्ही माझ्या अंगावरून धावाल. खुशाल धावा, मला लागत नाही. बूट उन्हात वाळवा, माती झटका, असला उपदेश मी करणार नाही. ते केले नाही तर फार तर एक बूट जातो. पण धावता धावता तुमच्यासाठी कोणी थांबले, तर घरी आल्यावर सगळ्यांसमोर त्याचे नाव घ्या. त्याच दिवशी घ्या. नंतर ते फार जड जाते, हे मी जवळून पाहिले आहे.