शेवटाच्या आधीचं सगळं

शरयू आत्या गेल्या मंगळवारी दिवेलागणीला गेली. डॉक्टर येऊन बघून गेले, बाबांनी पुण्याला आणि इंदूरला फोन केले, शेजारच्या दौलतसिंहांनी न सांगता खुर्च्या आणून मांडल्या. हे झालं. आता हे झालंच नाही असं धरून चालू. आत्याने जन्मभर हेच केलं आणि त्याने तिचं काही अडल्याचं कुणाच्या ऐकण्यात नाही.

तर आत्या आहे. ग्वाल्हेरला, हरिशंकरपुरमच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर. तिला पिक्चरचं वेड आहे असं नातेवाईक म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. वेडी माणसं अधूनमधून बरी होतात.

ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. शाळा सकाळची, म्हणजे दुपार मोकळी, म्हणजे तीनचा शो. शहराच्या लष्कर भागातल्या टॉकिजांत लागलेला एकही पिक्चर तिने सोडला नाही. धार्मिक, मारधाडीचे, भुताचे, आणि एकदा चुकून फक्त डॉक्टरांसाठी ठेवलेला दातांच्या आरोग्यावरचाही. तो तिला आवडला होता. लग्न का केलं नाहीस असं विचारलं की म्हणायची, "तीनचा शो कोण सोडणार?"

पण एवढ्या सगळ्यांत तिने एकाही पिक्चरचा शेवट पाहिला नव्हता.

त्याचं कारण इंदुताई. आत्याची थोरली बहीण. लहानपणी ताप आला, तो उतरताना पाय घेऊन गेला, आणि इंदुताई लष्करातल्या जुन्या घरात कायमची पलंगावर आली. आजोबा पुजारी. दिवेलागणीला घरात कुणी आडवं पडलेलं त्यांना चालत नसे, आणि त्यातून स्वतःच्या मुलीलाही सूट नव्हती. समई लागायच्या आत इंदुताईला उठवून, पाठीला उशी लावून, दिव्याकडे तोंड करून बसवायचं. तिला न दुखवता उठवणं फक्त शरयूला जमायचं. त्यामुळे पिक्चरमध्ये नायकाला पोत्यांच्या गोदामात बांधलं, की आत्या उठायची.

उठताना ती पडद्याकडे बघून हळूच म्हणायची, "येते हं." आपल्याकडे कुणाच्याही घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत. पडद्यावरच्या लोकांच्या घरी ती एवढा वेळ बसलेली असायची, तेव्हा तिच्या मते तीच रीत तिथेही लागू होती.

मग टोपी बाजारातून चालत घरी. बाजारात शिरताना नायक गोदामात असायचा. पलीकडे निघेपर्यंत आत्या त्याला सोडवून, नोकरीला लावून, आईची भेट घडवून मोकळी व्हायची. रात्री इंदुताईच्या पायांना तेल लावता लावता ती तिला अख्खा पिक्चर सांगायची, स्वतःच्या शेवटासकट. इंदुताईने ऐकलेल्या एकाही पिक्चरमध्ये कुणी मेलं नाही. हिंदी सिनेमाबद्दल इतकं चांगलं मत असलेली ती देशातली एकमेव बाई असावी.

इंदुताई गेली तेव्हा मी शाळेत होतो. त्यानंतर आत्या मलाच घेऊन मॉलमधल्या थिएटरात जायला लागली. आणि शेवट आला की तरीही उठायची. अंधारात सगळ्या रांगेचे गुडघे आक्रसायचे, कुणाचे पॉपकॉर्न सांडायचे.

"आत्या, आता घरी कुणाला उठवायचंय?" मी एकदा विचारलं.

"मला उठायचंय," ती म्हणाली. "शेवटाला पोलीस येतात. त्यांच्यासाठी काय थांबायचं?"

"आजकल नहीं आती पुलिस."

"मग तर मुळीच थांबायला नको. आणि मराठीत बोल, चप्पल अजून काढलेली नाहीस म्हणून काय झालं." आमच्याकडे मराठी उंबऱ्याच्या आत असते. चप्पल घातली की हिंदी सुरू.

या दिवाळीनंतर डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलंय, आता फार दिवस धरू नका. आत्याला एवढंच सांगितलं की थिएटर बंद.

"जिन्यांमुळे की पिक्चरमुळे?" आत्याने विचारलं.

"तुम्हाला उत्तेजना नको, माताजी."

"ती आताच्या पिक्चरमध्ये कुठे असते?"

डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली.

त्या दिवसापासून पिक्चरला मी जाऊ लागलो आणि आत्या पलंगावर आली, म्हणजे इंदुताईच्या जागेवर. मी घरून लॅपटॉपवर काम करतो, ज्याला घरात कुणी काम समजत नाही, त्यामुळे नेमणूक बिनविरोध झाली. अट एकच होती. शेवटाआधी उठायचं, दिवेलागणीच्या आत घरी यायचं, तिला उशी लावून बसवायचं आणि सांगायचं. शेवट ती करणार.

मी अट पाळली. लोक शिव्या घालायचे. एकदा मागून कुणीतरी म्हणालं, "इसका हर बार पेट खराब होता है." म्हणजे मला ओळखू लागले होते. घरी आलो की आत्या डोळे मिटून ऐकायची, आणि मी थांबलो की पुढचं सांगायची. तिच्या हातात आलेला प्रत्येक माणूस सुखरूप घरी पोचायचा. बाबा दारात उभे राहून ऐकायचे आणि विचारलं की म्हणायचे, पाणी प्यायला आलोय.

नंतर तिचा आवाज बसत गेला. त्या सोमवारी मी एका ट्रकवाल्याचा पिक्चर सांगितला. हा माणूस भांडून घरातून गेलेल्या धाकट्या भावाला शोधत गावोगाव ट्रक चालवतो. मी उठलो तेव्हा त्याला पत्ता लागला होता आणि मागे एक गुंड लागला होता.

आत्याने डोळे उघडले. मग म्हणाली, "आज तू कर शेवट. मला दम लागतोय."

मला शेवट करता येत नाहीत. मी म्हणालो, "ट्रकवाला ग्वाल्हेरला पोचतो. भाऊ भेटतो. गुंड त्यांचं प्रेम बघून सुधारतो आणि टोपी बाजारात तिळाच्या गजकचं दुकान टाकतो."

आत्याने गंभीरपणे विचार केला. "गजक त्याला जमणार नाही. तापट माणूस आहे, पाक करपवेल. त्याला बांगड्यांचं दुकान दे. हात जपून वापरायला शिकेल."

"दिलं."

"भाऊ काय म्हणतो?"

"भाऊ म्हणतो, जेवून जा."

"हं," आत्या म्हणाली. समाधान झालं असं मला वाटलं. मी उशी काढायला वाकलो, तर तिने माझं मनगट धरलं. "ध्रुवा, खरा शेवट काय आहे रे?"

हा प्रश्न तिने कधी कुणाला विचारला नव्हता. दारातल्या बाबांचं पाणी पिऊन झालं होतं, तरी ते पेला तोंडाला लावून उभे होते.

"मी पाहिला नाही. तुझीच अट."

"ती अट मोडली. उद्या जाऊन पाहून ये. एक तरी माहीत असावा." मग म्हणाली, "इंदू विचारेल. तिला इतकी वर्षं मी काहीबाही सांगितलं."

मंगळवारी मी पुन्हा त्याच पिक्चरला गेलो. आपली नेहमीची वेळ झाली तेव्हा माझे गुडघे आपणहून उभे राहिले. मागचा म्हणाला, "जाओ भैया, रोज का है." मी खाली बसलो. त्याला धक्का बसला असावा.

शेवट असा होता. ट्रकवाला पत्त्यावर पोचतो. दाराला कुलूप असतं. शेजारीण सांगते, ते लोक सकाळीच गाव सोडून गेले. ट्रकवाला पायरीवर बसतो. गुंड येतो, कुलूप बघतो, आणि त्याच्या शेजारी बसतो. संपलं. दिवे लागले, एकजण झाडू घेऊन आत आला. पोलीस आले नाहीत, हे मी आत्याला पहिल्यांदा सांगणार होतो.

बाहेर येऊन फोन सुरू केला, तर बाबांचे मिस कॉल एकाखाली एक.

घरी पोचलो तेव्हा समई लागली होती. आत्या उशीला टेकून दिव्याकडे तोंड करून बसली होती. बाबांनी बसवलं होतं. त्यांना ते जमत नाही, उशी वाकडी होती.

"मी दिवा लावत होतो," बाबा म्हणाले. "ताई म्हणाली, येते हं. मला वाटलं, तिला उठायचंय. मी म्हटलं, थांब, वात सारखी करतो." त्यांनी वात सारखी केल्याची खूण म्हणून बोट दाखवलं. बोट काळं होतं.

मी शेवट घेऊन तिथे उभा होतो. हातात गरम भांडं असावं आणि ठेवायला जागा नसावी, तसा. डॉक्टर यायचे होते. मी उशी सरळ केली आणि तिच्या कानाशी बसून सांगायला लागलो. ट्रकवाला पत्त्यावर पोचतो. दाराला कुलूप असतं. इथवर मी खरं सांगितलं. मग माझ्या तोंडून आलं की किल्ली शेजारणीकडे असते, भाऊ नुसता दूध आणायला गेलेला असतो, आणि तो येईपर्यंत गुंड सगळ्यांसाठी चहा टाकतो.

मागून बाबा म्हणाले, "साखर कमी घालायला सांग. ताईला गोड चालत नव्हतं."

मी गुंडाला तसं सांगितलं.

आता आठवडा झाला. काल बाबांनी मला मृत्यूच्या नोंदीसाठी पाठवलं. खिडकीवरच्या बाबूने हिंदीत सांगितलं की कागद पूरे आहेत, बस एक अर्ज जोडा. तो मी बाकावर बसून लिहिला. मराठीत लिहिला. खिडकीच्या आत मराठी वाचणारं कुणी दिसलं नाही, पण आत्या म्हणायची की चप्पल पायात असली म्हणून काय झालं.

"प्रति, माननीय निबंधक, जन्म व मृत्यू नोंदणी.

विषय : नोंद तूर्त स्थगित ठेवण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, आमच्या आत्या कुमारी शरयू या मंगळवारी सायंकाळी 'येते' असे स्वच्छ मराठीत सांगून निघालेल्या आहेत. या शब्दांत निघालेली व्यक्ती परत यावयाची असते, अशी आमच्याकडील पूर्वापार रीत आहे. घटनेस माझे वडील व घरातील समई साक्षीदार आहेत. तसेच सदर व्यक्तीने मागविलेला एक शेवट माझ्याकडे जमा असून, तो मूळ स्वरूपात त्यांना देणे बाकी आहे. सबब, त्या परत येऊन तो ऐकून घेईपर्यंत त्यांच्या नावापुढील रकाना कोरा ठेवण्यात यावा व तसे आम्हांस लेखी कळविण्यात यावे, ही नम्र विनंती."