बसून खाल्लेली काकडी

माझी काकडी मंगळवारी सकाळी गेली. सोमवारी संध्याकाळी ती वेलीवर होती, हे मी शपथेवर सांगते, कारण मी तिला पट्टी लावून मोजलं होतं. एकोणीस सेंटिमीटर.

हसू नका. मी बुऱ्हाणपुरात तीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आहे. बी कसं रुजतं, मूळ खाली का जातं, हे मी झोपेतही फळ्यावर काढून दाखवीन. पण माझ्या हातानं लावलेली तुळससुद्धा कधी जगली नाही. स्टाफरूममध्ये त्यावरून माझी यथेच्छ टिंगल होते. ही काकडी म्हणजे मी स्वतः पिकवलेलं पहिलं फळ, आणि बुधवारी ती मी बारावीच्या वर्गात नेऊन फिरवणार होते.

बगीचा आमच्या मोहल्ल्याचा, लोधीपुऱ्यात. दोन वर्षांपूर्वी तिथं कचऱ्याचा ढीग होता. चौदा घरांनी मिळून तो उपसला, चौदा वाफे पाडले, महापालिकेकडून नळ मिळवला. ढीग उपसायला सगळे होते, नियम लिहायला मात्र कोणी पुढे येईना. मग ते मी लिहिले. पाणी कोणत्या दिवशी कोणाचं, झाडलोट कोणाची, नळ कोणी बंद करायचा, विटेची हद्द कुठपर्यंत, असे अकरा नियम पत्र्यावर रंगवून कडुनिंबाच्या बुंध्याला तारेनं बांधले. नववा नियम असा होता: दुसऱ्याच्या वाफ्यातलं न विचारता तोडेल त्याचा वाफा जाईल आणि यादीतल्या पुढच्या घराला मिळेल. यादीत सहा घरं वाट बघत होती.

"ताई, हे जरा जास्तच कडक होतंय," असं आमचे अध्यक्ष निरंजनभाऊ तेव्हाच म्हणाले होते. त्यांचं औषधांचं दुकान आहे, आणि ते कोणालाच कधी नाही म्हणत नाहीत.

"नियम कडक असला की तो वापरायची वेळच येत नाही," मी म्हणाले. शिक्षकांना असली वाक्यं फार लवकर सुचतात.

तर मंगळवारी वेलीवर नुसता देठ होता. खाली काकडीचं तोडलेलं टोक पडलं होतं आणि त्यावर फेस सुकला होता. म्हणजे चोरानं कडूपणा जावा म्हणून टोक व्यवस्थित घासलं होतं! घाईगडबड काही नाही. शेजारी एका कागदाच्या पुडीत थोडं मीठ-तिखट उरलं होतं.

ती पुडी बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशाच पुड्या आधी तीन वेळा मला नळाजवळच्या दगडाखाली सापडल्या होत्या. माझा करणीबिरणीवर विश्वास नाही, तरी पहिली पुडी मी डाव्या हातानं उचलली होती. पुढच्या दोन वेळा मी शास्त्रीय विचार केला. मिठानं माती मरते. कोणीतरी आपले वाफे मारायला निघालं आहे. तिन्ही पुड्या मी नाल्यात फेकल्या होत्या.

मी त्याच संध्याकाळी पाटीवर बारावा नियम रंगवला: बगीच्यात मीठ आणू नये. आणि मोबाइलवरच्या आमच्या ग्रुपमध्ये लिहिलं, "चोर कोणीही असो, वाफा जाणार. ओळख, नातं, वय काहीही बघितलं जाणार नाही. रविवारी बैठक." त्यावर भराभर बारा अंगठे उमटले.

बुधवारी पाण्याची पाळी माझी होती. अकरा नंबरच्या वाफ्यात मालूबाई खुरपत होत्या. त्यांची पाळी असो नसो, त्या रोज येतात. त्या जवळच्या डोईफोडिया गावच्या, शेतकरी घरातल्या. यजमान वारले तेव्हा मुलगा रितेश त्यांना इकडे घेऊन आला. तो कचेरीत बाबू आहे, समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. मालूबाई ग्रुपमध्ये नाहीत. त्यांच्याकडे फोन नाही आणि त्यांना वाचताही येत नाही.

"मालूबाई," मी विचारलं, "माझी काकडी कोणी नेली, बघितलंत का?"

"नेली नाही व बाई, मी खाल्ली ना ते," मालूबाई म्हणाल्या. "लय कवळी व्हती. तुह्या हाताले गुन आहे, मास्तरीन."

त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नव्हता. त्या छान हसत होत्या. आणि खरं सांगते, हाताला गुण आहे हे ऐकून क्षणभर मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून आणखी राग आला. मी नळ बंद न करताच घरी गेले. सहावा नियम मोडला, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी रितेश आला. आईनं त्याला सगळं आपणहून सांगितलं होतं.

"मॅडम, गलती झाली. मी पाच किलो काकड्या आणून देतो, पण वाफा राहू द्या ना."

"प्रश्न काकडीचा नाही, रितेश. नियमाचा आहे."

"ते मला समजतं. पण तुम्ही आईला पहिले बघितलं नाही." त्यानं चहाला हातही लावला नव्हता. "बाबा गेल्यावर चार महिने ती गॅलरीत भिंतीकडे तोंड करून बसायची. सच में, मॅडम. दोन घास खाऊन ताट सरकवायची. जूनमध्ये यादीत नंबर लागून वाफा मिळाला त्या दिवशी हातपाय धुऊन आली आणि स्वतःहून म्हणाली, भाकरी वाढ. दीपाली तर रडायलाच लागली."

दीपाली त्याची बायको.

"वाफा गेला तर ती गावी जाईन म्हणते. वावर बटाईनं दुसऱ्याला कसायला दिलंय, घर बंद पडलंय. अकेली काय करेल तिथं? पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसेल, आणि तिला वाढायलाही कोणी नसेल."

"उद्या मी नोटीस घेऊन येते," एवढंच मी म्हणाले.

तो गेल्यावर मला जेवण गेलं नाही. वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं. पण 'कोणीही असो' हे शब्द माझेच होते, आणि त्यावर बारा अंगठे होते. आता माघार घेतली तर उद्या नियमांना कोण विचारणार? रात्रभर मी माझ्याशीच असा वाद घातला आणि दोन्ही बाजूंनी हरले.

गुरुवारी शाळेतून थेट त्यांच्याकडे गेले. मालूबाई गॅलरीत सुकलेल्या भेंडीतून बिया काढत होत्या. तोंड रस्त्याकडे होतं. मी कागद पुढे केला.

"वाचून दाखव."

मी वाचायला लागले. 'चोरी' हा शब्द आला तसा त्यांनी हात वर केला.

"थांब. चोरी कोनं केली?"

"म्हणजे, तुम्ही ती काकडी..."

"पदरात बांधून नेली का मी?"

"नाही."

"लपून खाल्ली?"

"नाही, पण..."

"मंग? वावरात बसून खाल्लं तं चोरी कशी व्हते? आमच्याकडे भुकेला मानूस कोनाच्याबी वावरात बसते, काकडी खाते, शेंगा खाते, पानी पेते, जाते. मालक बोलत नाही. बांधून नेलं तं मंग तो चोर." त्या मला अगदी शांतपणे, ढ विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगत होत्या. "माह्या वाफ्यातलं तुम्ही कोनीच काही खात नाही. पाच महिने झाले. वाटेच्या कडेनं आधी चवळी लावली, आता मुळे लावले. ते कोनासाठी? येनाऱ्या-जानाऱ्यासाठीच ना?"

ती वाटेकडची ओळ मला चांगलीच माहीत होती. विटेच्या हद्दीबाहेर वीतभर गेलेली. माझ्या वहीत तिच्यापुढे तीन फुल्या होत्या: वाफा अकरा, नियम चार, हद्द ओलांडली.

"दगडाखाली मिठाची पुडी ठेवते, तेबी कोनी उचलून नेते. पयले वाटलं, कोनाले तरी लागली असंन. बरं वाटलं. मंग एक दिवस पुडी नाल्यात दिसली." त्या बियांकडे बघत राहिल्या. "मले वाटलं, मी आली ते तुमाले आवडत नाही. मंग म्हनलं, आपुनच पयले खावं. आपुन मास्तरीनचं खाल्लं तं मास्तरीन आपलं खाईन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुड्या मी फेकल्या, हे त्यांना सांगायचं धाडस मला त्या दिवशी झालं नाही.

"कागद ठेवून जा," त्या म्हणाल्या. "रितेशले दाखवते."

"नको. यात चूक आहे," मी म्हणाले आणि तो पर्समध्ये कोंबला.

रविवारी बैठकीला मालूबाई आल्या त्या हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवी गच्च भरलेली होती. रितेश मागे उभा होता, त्याचा चेहरा उतरला होता. "अकरा वाजताची बस धरते म्हणतेय," तो मला हळूच म्हणाला.

निरंजनभाऊंनी सगळ्यांना गोड वाटेल असा मार्ग काढलाच होता. "वय बघता मालूबाईंना माफ करावं. रितेशनं माफीनामा लिहून दिला आहे, आईनं अंगठा दिला की विषय संपला." सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणालाच त्या जायला नको होत्या, हे मला तेव्हा कळलं.

"माफी कायची?" मालूबाई म्हणाल्या. "मी चोर नाही. चोर म्हनून मी इथं राहत नाही." त्यांनी पिशवी उचलली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

मी उठले. काय करायचं ते मी घरून ठरवून आले नव्हते, हे कबूल करते. अकरा नंबरच्या वाफ्यापाशी गेले, वाटेकडच्या ओळीतला एक मुळा उपटला, नळावर धुतला आणि बांधावर फतकल मारून बसले. नवी साडी होती. मुळ्याचा मोठा लचका तोडला.

"निरंजनभाऊ, लिहा," मी तोंडात घास असतानाच म्हणाले. "वाफा अकरामधून एक मुळा, न विचारता. तोडणारी प्रतिभा, वाफा तीन. नियम नऊ. आणि मालूबाईंच्या मिठाच्या पुड्या नाल्यात फेकल्या त्याही मीच, तीन वेळा. त्याला नियम नाही, पण लिहून ठेवा."

निरंजनभाऊ पेन हातात धरून तसेच उभे राहिले. "ताई, मग तुमचाही वाफा..."

"जाऊ द्या. नाहीतर नियम बदला."

मुळा भयंकर तिखट होता. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते सगळं काही मुळ्याचं नव्हतं. मालूबाई पिशवी धरून फाटकाशी थांबल्या होत्या. मग त्या परत फिरल्या, माझ्यासमोर आल्या आणि पिशवी खाली ठेवली.

"कोरडा काहून खाते व, मास्तरीन?"

त्यांनी कमरेला खोचलेली पुडी काढली, बाराव्या नियमाच्या पाटीसमोर उलगडली आणि माझ्या तळहातावर मीठ ठेवलं.

निरंजनभाऊंनी पेन खिशाला लावलं, ओळीतला दुसरा मुळा उपटला आणि माझ्या शेजारी बसले. "मलाही द्या थोडं," त्यांनी मालूबाईंपुढे हात केला. अकराची बस गेली, आणि थोड्या वेळानं रितेश पिशवी उचलून घरी ठेवून आला.

पाटी मी पुढच्या आठवड्यात पुन्हा रंगवली. पाणी, नळ, झाडलोट यांचे नियम तसेच आहेत. ते कोणी मोडले तर मी अजूनही सोडत नाही. नववा नियम आता असा आहे: भूक लागली तर कोणाच्याही वाफ्यात बसून खावं, घरी न्यायचं असेल तर विचारावं. बारावा असा: मिठाचा डबा कडुनिंबाला टांगला आहे, संपलेला ज्याला दिसेल त्यानं भरावा.

मालूबाईंनी मला सगळे नियम मोठ्यानं वाचायला लावले. बाराव्याला त्या मध्येच म्हणाल्या, "डबा झाकनाचा घे. मिठाले ओल लागते."

मी झाकणाचा डबा आणला. वेलीला दुसरी काकडी लागली आहे, मी ती मोजलेली नाही.