तटबंदी सरांचा पूर्व दरवाजा

इतिहासाच्या सरांना मुलं त्यांच्यामागे ‘तटबंदी’ म्हणायची. पुस्तकात एका तटबंदीच्या गावाला जेमतेम दीड पान होतं आणि सर त्यावर आठवडाभर शिकवायचे. बुरूज किती, खंदक किती खोल, गल्ल्या किती अरुंद, मोठा दरवाजा पूर्वेला, सगळं तोंडपाठ. "मी स्वतः दोनदा जाऊन आलोय," हे वाक्य त्या आठवड्यात रोज एकदा तरी यायचंच.

सर तिथे एकदाही गेले नव्हते. नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्गावर छाप पडावी म्हणून एक थाप मारली आणि मग ती तीस वर्षं निभावावी लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची!

आता सरांच्या पंच्याहत्तरीला जुन्या विद्यार्थ्यांनी मिनीबस ठरवली आणि त्यांना नेमकं तिथेच नेलं. "सर, आज सगळं तुम्ही दाखवायचं!" सरांनी गुडघ्याचं कारण काढून पाहिलं. एक विद्यार्थी आता दातांचा डॉक्टर होता. तो म्हणाला, "मी धरतो ना हात!" सरांना बसमध्ये चढावंच लागलं.

गावात त्यांनी कसंबसं रेटलं. "आता मोठा चौक," असं म्हणत ते सगळ्यांना घेऊन शिरले ते कुणाच्या तरी मागच्या अंगणात. कपडे पिळणारी बाई पाहतच राहिली. "फार बदललंय सगळं," सर म्हणाले. चारशे वर्षं जागचं न हललेलं गाव बिचारं, त्याच्यावर आळ आला.

संध्याकाळी सगळे मोठ्या दरवाजातून बाहेर पडले. तटाच्या बाहेर शेतं होती आणि दरवाजासमोरच वर्गातल्या एकीचं घर आणि रोपवाटिका. चहा तिच्याकडे होता. कमानीतून पाऊल टाकताच ऊन थेट डोळ्यांत घुसलं.

"सर," कपाळावर हात धरून डॉक्टर म्हणाला, "हा पूर्व दरवाजा ना? मग सूर्य इकडे कसा मावळतोय?"

"ऋतूप्रमाणे थोडा फरक पडतो," सर म्हणाले. पडलो तरी नाक वर! कुणी हसलं नाही, आणि तेच सरांना जास्त लागलं.

रोपवाटिकावाल्या बाईने मातीचे हात पुसून सगळ्यांना बसवलं. सरांना तिचा चेहरा आठवेना. तिची म्हातारी आई मात्र कोबीची रोपं ट्रेमध्ये लावता लावता एकदम खुलली.

"तुम्हीच होय ते सर? तुमच्यापायी हिने मला किती छळलं! शहरात मावशीकडे राहून शिकायची ना. सुट्टीला आली की रोज संध्याकाळी त्या दरवाजात जाऊन बसायची. म्हटलं, काय गं? तर म्हणे, सूर्य कुठे मावळतो ते बघते, सर म्हणतात दरवाजा पूर्वेला आहे. मी चांगली रागावले. म्हटलं, सर दोनदा येऊन गेलेत, एवढा शिकलेला माणूस खोटं कशाला बोलेल? तूच नीट बघ!"

मग सरांना आठवलं. तिसरा बाक. "सर, तो पश्चिमेला आहे. संध्याकाळी गावातल्या बाजारातून घरी येताना डोळ्यांवर ऊन येतं." आणि आपलं उत्तर, "तू जास्त पाहिलंस की मी?" वर्ग खदखदून हसला होता. त्यांनी तिला तास संपेपर्यंत उभं ठेवलं होतं. पुढच्या दोन वर्षांत त्या मुलीने एकदाही हात वर केला नाही. सरांनी तेव्हा त्याला शिस्त म्हटलं होतं.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकी कुणाला ती गोष्ट आठवतही नव्हती. चहा पिऊन बसमध्ये बसलं की सुटले असते. पण म्हातारी अजून कौतुकाने हसत होती, आणि ते हसणं त्यांना सोसवेना. सर गुडघ्यावर हात टेकून उठले.

"मी इथे कधी आलोच नव्हतो," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा आलोय. ही खरं सांगत होती, आणि मी हिला तासभर उभं केलं."

म्हातारीने सरांकडे पाहिलंच नाही. तिने लेकीकडे पाहिलं. "म्हणजे मी तुला उगाचच..."

"मला तेव्हाच कळलं होतं, सर," बाई म्हणाली. "तुम्ही बुरूज सांगायचात, खंदक सांगायचात. दरवाजासमोरचं आमचं घर कधी सांगितलं नाहीत. इथे आलेल्या माणसाला ते आधी दिसतं."

आवाजात राग नव्हता. असता तर सरांना बरं वाटलं असतं. तिने खुर्ची पुढे सरकवली. "बसा. गुडघा दुखेल."

"नको," सर म्हणाले. "तास संपायचाय अजून."

तिने आग्रह केला नाही. ती आईशेजारी बसून रोपं लावू लागली, आणि सर डोळ्यांवर ऊन घेत उभे राहिले.