वखारीचा कठडा

आमच्या गावात साहेबाच्या काळातली बघण्यासारखी सात ठिकाणं आहेत, असं पर्यटनाच्या पत्रकात छापलंय. दीपगृह, जुनी दफनभूमी, तोफेचा बुरूज वगैरे. चौथं ठिकाण बंदरावरची वखार. तिच्या माडीवरच्या दोन खोल्यांत मी आणि बाबा भाड्याने राहतो, हे पत्रकात नाही.

बाबा बंदरातले सुतार. चार महिन्यांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, रोज बाहेर चालवा, नाहीतर कायमचे अंथरुणाला खिळतील. पण आमच्या लाकडी जिन्याला कठडाच नाही. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मोकळी हवा.

कठड्यासाठी मी वारसा कार्यालयात तीन अर्ज दिले. तिथला अधिकारी बोलायला साखर. जिना दोनशे वर्षांचा आहे, त्याला कठडा कधीच नव्हता, म्हणून आताही बसवता येणार नाही, असं त्याने मला लहान मुलीला समजवावं तसं समजावलं. एक स्क्रू जरी मारला तर खोल्या खाली कराव्या लागतील, हेही गोड आवाजातच सांगितलं.

घरी येऊन मी भांडी आपटली. बाबा पलंगावर पडून ऐकत होते.

"दोनशे वर्षांचा कुठला," ते म्हणाले. "मी केलाय तो. तू जन्मलीस त्या वर्षी. आधीच्या जिन्याला कठडा होता की."

"मग तुम्ही का नाही केलात?"

"कपाटं वर चढवताना आड यायचा. आणि तेव्हा मला कठडा कशाला लागत होता?"

जुन्या कठड्याचं काय केलंत, विचारलं, तर त्यांनी बोट वर केलं. जिच्यावर मी जन्मभर ओले कपडे टाकले, ती छताला टांगलेली सागवानी दांडी. टोकाला फूल कोरलेलं होतं. त्यात मी चिमटे अडकवायचे.

आता पुरावाच मिळाला म्हणून मी दांडी खांद्यावर टाकून कार्यालयात गेले. अधिकाऱ्याने फुलावरून हात फिरवला, दोन फोन केले, मला चहा पाजला. जिना बाबांनी केलाय, हे त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पत्रक छापून झालं होतं. पण चहा मिळाला तेव्हा मला वाटलं, देव पावला.

पुढच्या आठवड्यात दांडी संग्रहालयात काचेच्या पेटीत गेली. खाली पाटी: 'वखारीचा मूळ कठडा. हात लावू नये.' माझ्या चौथ्या अर्जाला उत्तर आलं की मूळ कठडा जतन केला असल्यामुळे नवीन बसवण्याची आवश्यकता नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. आता कपडे खुर्चीवर वाळत होते.

रविवारी गाइड वीसेक पाहुणे घेऊन आला आणि जिन्याखाली त्याने दोनशे वर्षांची टेप लावली. मी दार लावायला उठले, तर बाबा भिंत धरत धरत माझ्याआधी दारात पोचलेले. नको नको म्हणेपर्यंत ते वरच्या पायरीवर बसलेही, आणि बसल्या बसल्या एकेक पायरी खाली सरकू लागले. मी धावत पुढे झाले आणि दोन पायऱ्या खाली, त्यांच्याकडे तोंड करून, हात पसरून उभी राहिले.

"आजोबा, जरा वरच थांबता का?" गाइड खालून म्हणाला. "फोटोत जिना मोकळा हवाय."

बाबांना धाप लागली होती. त्यांनी हाताखालची पायरी थोपटली.

"जिना मी केलाय," ते म्हणाले. "कठडा करायचा राहिला. तेवढं सांगा यांना."

गाइडने ते कुणाला सांगितलं नाही. बाबा पुढच्या पायरीवर सरकले. अजून नऊ बाकी होत्या.