धुळाप्पाचं वाढतं तेल

लॉरी पाणी पीत होती, पण ते जात कुठं होतं हे धुळाप्पाला काही केल्या कळत नव्हतं. अकलूजहून सोलापूरसाठी गुळाच्या ढेपा भरून निघताना पाण्याची टाकी काठोकाठ असायची, आणि टेंभुर्णी ओलांडून रस्त्याकडेच्या गोजाबाईच्या विहिरीशी येईतो इंजिन तापून वाफा सोडायचं. बरं, खाली ओल असावी तर तीही नाही. लॉरीखाली आडवं होऊन त्यानं एकेक नळी चाचपली, सगळ्या कोरड्या ठणठणीत. गळेल तिथं पिवळा डाग पडेल म्हणून टाकीत हळद कालवून पाहिली. डाग पडला तो त्याच्या धोतरावर.

मालक पंचाक्षरी अण्णांचं मत मात्र ठाम होतं. धुळाप्पा आळशी आहे, पाणी भरतच नाही. धनगराच्या पोराला मेंढरांमागून उठवून लॉरीवर बसवलं हेच चुकलं, असं ते चारचौघांत बोलले होते. आणखी एकदा लॉरी वाटेत थांबली तर पुन्हा मेंढरं वळायला जा, असं बजावून आज ते स्वतःच शेजारी येऊन बसले. आणि लॉरी गोजाबाईच्या विहिरीशी थांबलीच.

अण्णा उतरून बाभळीखाली घाम पुसत बसले. गोजाबाईनं नेहमीसारखं पाणी शेंदून दिलं. पाच घागरी रिचल्या, तेव्हा तिनं कमरेवर हात ठेवले. बैल पितो ते मुतून तरी टाकतो, तुझ्या ह्या जनावराचं जातं कुठं, असं तिनं विचारलं. धुळाप्पानं तोवर इंजिनाचं झाकण उघडलं होतं.

सवयीनं त्यानं इंजिनातलं तेल बघायची पट्टी ओढली. तेवढं एकच सुख उरलं होतं. तेल जळत तर नव्हतंच, उलट पाच दिवसांत दोन बोटं चढलं होतं. सिद्धेश्वराची कृपा म्हणून त्यानं ते अण्णांना फुशारकीनं सांगितलंही होतं. रंग जरा पांढुरका दिसायचा, पण नव्या डब्यातलं तेल असंच असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. शहाणाच की नाही.

पट्टीवरचा थेंब विहिरीच्या दगडावर पडला. गोजाबाईनं तो बोटावर घेऊन चोळला.

"ह्यात पानी हाय की," ती म्हणाली. "घुसळून घुसळून ताक झालंय ह्येचं."

धुळाप्पाला आता उमगलं. पाणी बाहेर गळतच नव्हतं. आतल्या आत कुठल्याशा फटीतून ते तेलात उतरत होतं, बाकीचं वाफ होऊन उडत होतं, आणि तो आपला तेल वाढलं म्हणून खूश. असल्या तेलावर इंजिन कधीही कायमचं जाम झालं असतं. गप्प राहून लॉरी रेटली तर कदाचित सोलापूर गाठता आलं असतं, आजचा दिवस निभावला असता. बोललं तर मेंढरं ठरलेली. त्याला भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज.

तो बाभळीखाली गेला आणि पट्टी त्यानं अण्णांपुढं धरली.

"अण्णा, पानी तेलात जातंय. मला कळलं न्हाय, माजीच चूक. पर हितनं फुडं मी लॉरी न्हेनार न्हाय. इंजिन मरंल."

अण्णांनी थेंब बोटावर घेतला, चोळला, नाकाशी नेला. मग ते उठले आणि त्यांनी गोजाबाईकडं बैल मागितले.

ढेपा विहिरीशी उतरवल्या. लॉरी टेंभुर्णीला ओढून न्यायला दोन जोड्या पुढं जुंपल्या, कासरे गोजाबाईनं धरले. धुळाप्पा मान खाली घालून बैलांमागं चालू लागला. मेंढरं नाहीत तर बैल, शेवटी जनावरांमागंच जायचं होतं.

मागून अण्णांची हाक आली.

"तिकडं कुटं निगालास? ष्टेरिंग कोन धरनार, मी?"